परमिट नसलेल्या बारची गोष्ट, आणि माझी एक जुनी बातमी

पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा, नाहीतर सेव्ह करून ठेवा आणि रात्री निवांत वाचा.

दरवर्षी जून आला की मोबाईलवर इंद्रधनुषी झेंडे दिसायला लागतात. कंपन्यांचे लोगो रंगतात, मुंबई-पुण्याकडची मित्रमंडळी स्टेटस ठेवतात. परवा स्टँडसमोरच्या टपरीवर एका कॉलेजच्या पोराने विचारलं, "भाऊ, हे सगळं जूनमध्येच का असतं?" मी म्हटलं, "अमेरिकेत जून महिन्यात एका बारवर धाड पडली होती." तो हसायलाच लागला. "बारवर धाड? ती तर आपल्याकडे दर महिन्याला पडते!"

बरोबर बोलला पोरगा. म्हणूनच ही गोष्ट आपल्याला समजायला जड जाणार नाही. लायसन, हप्ता, धाड, प्रेसनोट आणि दुसऱ्या दिवशीची बातमी. या पाच गोष्टी ज्याला कळतात त्याला स्टोनवॉल कळतं.

न्यूयॉर्क शहरात ग्रीनिच व्हिलेज नावाचा जुना भाग आहे. तिथे ख्रिस्तोफर स्ट्रीटवर ५१ आणि ५३ नंबरच्या दोन बुटक्या इमारती आहेत. १८४० च्या दशकात बांधल्या तेव्हा ते घोड्यांचे तबेले होते. पुढे दोन्ही जोडून तिथे हॉटेल झालं, जेवणावळी आणि लग्नाच्या पार्ट्या व्हायच्या. १९६० च्या दशकात हॉटेलला आग लागली आणि जागा पडून राहिली. मार्च १९६७ मध्ये तिथे 'स्टोनवॉल इन' नावाने समलिंगी गिऱ्हाइकांसाठी बार सुरू झाला. सुरू करणारे कोण? माफियावाले. जेनोव्हिज टोळीशी संबंध असलेली माणसं.

आता तुम्ही म्हणाल, समलिंगी लोकांच्या बारमध्ये गुंडांचं काय काम? तर सगळी मेख इथेच आहे, आणि ती दारूच्या लायसनमध्ये आहे.

अमेरिकेतली दारूबंदी १९३३ साली उठली. न्यूयॉर्क राज्यात दारूची लायसन्स द्यायला पुढच्याच वर्षी एक सरकारी मंडळ आलं. कायद्यात एक कलम होतं की लायसनधारकाने आपली जागा 'बेशिस्त' होऊ देता कामा नये. बेशिस्त म्हणजे काय, ते धड लिहिलेलं नव्हतं. मंडळाने आणि पोलिसांनी त्याचा अर्थ असा लावला की समलिंगी माणसं जमली की जागा आपोआप बेशिस्त. भांडण नको, तमाशा नको, ती माणसं तिथे बसून बिअर पीत आहेत एवढंच पुरे. लायसन गेलं. म्हणजे इमानदारीने धंदा करणारा मालक अशा गिऱ्हाइकाला दारातूनच परत पाठवणार. मग त्याला आत कोण घेणार? ज्याला लायसनची फिकीरच नाही तो.

आपल्याकडेही कागदावर बघा. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार पिणाऱ्याकडेसुद्धा परवाना लागतो. एक दिवसाचा, वर्षाचा, नाहीतर आजीवन. आपल्या गावातल्या किती जणांकडे आहे? 'परमिट रूम' ही पाटी रोज वाचतो, पण परमिट कोणाच्या खिशात असतं? जो कायदा सगळेच मोडतात, तो कोणावर लावायचा हे लावणाराच ठरवतो. न्यूयॉर्कमध्येही तेच होतं, फक्त तिथे कोणावर लावायचा ते आधीच ठरलेलं होतं.

याविरुद्ध पहिली गाजलेली गंमत स्टोनवॉलच्या तीन वर्षं आधी झाली. २१ एप्रिल १९६६. मॅटाशिन सोसायटी नावाची समलिंगी पुरुषांची एक संघटना होती. तिचे डिक लाइट्श, क्रेग रॉडवेल आणि जॉन टिमन्स हे तिघे कोट-टाय घालून निघाले. सोबत पत्रकार. बेत साधा होता. बारमध्ये बसायचं, "आम्ही समलिंगी आहोत, आम्हाला दारू द्या" असं सांगायचं आणि नाही म्हटलं की त्यावर तक्रार करायची. पहिला बार पत्रकार येणार हे कळल्यावर बंदच झाला. पुढच्या दोन ठिकाणी पंचाईत झाली, कारण त्यांनी सरळ दारू आणून दिली! शेवटी ते 'ज्युलियस' नावाच्या जुन्या बारमध्ये गेले. तिथे काही दिवसांपूर्वीच धाड पडलेली असल्याने मालक धास्तावलेला. बारवाल्याने ग्लास पुढे ठेवला आणि यांनी ओळख सांगताच ग्लासावर हात ठेवला. व्हिलेज व्हॉइस साप्ताहिकाचे फोटोग्राफर फ्रेड मॅकडारा यांनी तो क्षण टिपला. आज तो फोटो जगप्रसिद्ध आहे. ग्लासावर ठेवलेला एक पालथा हात, बस. पुढच्या वर्षी शेजारच्या न्यू जर्सी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की समलिंगी लोक नुसते जमले म्हणून बारवर कारवाई करता येणार नाही.

पण दुसऱ्या दिवशीची बातमी? न्यूयॉर्क टाइम्सने मथळ्यात या तिघांसाठी जो शब्द वापरला, त्याचा मराठी अर्थ होतो 'विकृत'. हा शब्द लक्षात ठेवा. पुढे त्याच्याकडे परत यायचं आहे.

आता स्टोनवॉलच्या आत जाऊ.

आतल्या भिंती काळ्या रंगाच्या. खिडक्यांना आतून फळ्या ठोकलेल्या. दाराला बघायचं भोक, त्यातून तोंड ओळखीचं वाटलं तरच आत प्रवेश. लायसन नव्हतंच, त्यामुळे कागदोपत्री हा 'खासगी क्लब', म्हणजे सभासदांनी आपापल्या बाटल्या आणून ठेवायच्या आणि प्यायच्या. म्हणून दारात वही, वहीत सही. सही कोण खरी करतो? नटनट्यांची नाहीतर कार्टूनमधली नावं लिहून लोक आत जायचे. शनिवार-रविवारी तीन डॉलर तिकीट, त्यात दोन पेले. दारूत पाणी. बारच्या मागे नळच नाही, ग्लास टबात बुडवून पुन्हा भरायचे. आग लागली तर पळायला मागचं दार नाही. संडास तुंबलेले.

इतकं असून लोक का यायचे?

कारण तिथे नाचता यायचं. दोन पुरुषांनी, दोन बायकांनी एकमेकांच्या हातात हात घालून नाचावं अशा जागा त्या एवढ्या मोठ्या शहरातही फार थोड्या होत्या. स्टोनवॉलमध्ये ज्यूकबॉक्स होता आणि नाचायला दोन खोल्या. ज्यांना इतर बार उभं करत नव्हते, म्हणजे घरातून हाकलून दिलेली, बागेत झोपणारी पोरं, काळे, पोर्तो रिकोहून आलेले, बायकी वेश करणारे, तेही इथे असायचे. बँकेतला कारकूनही यायचा आणि फुटपाथवर राहणारा सतरा वर्षांचा पोरगाही. आठवडाभर खोटं नाव, खोटी मैत्रीण, खोटं हसू घेऊन वावरायचं आणि शुक्रवारी रात्री तीन डॉलर देऊन तीन-चार तास खरं जगायचं. शहराचं रात्रीचं जीवन म्हटलं की आपल्याला चैन आठवते. या माणसांच्या बाबतीत मात्र दिवस परका होता आणि आपली म्हणावी अशी रात्रच होती.

हप्ता दर आठवड्याला जायचा. त्या बदल्यात धाडीची खबर आधी मिळायची. धाड पडायची ती संध्याकाळी लवकर, म्हणजे रात्रीचा धंदा बुडू नये! पोलीस दारात आले की आतले पांढरे दिवे भक्कन लागायचे. खूण ठरलेली होती. हात सोडा, लांब उभे राहा, नाच बंद. ज्यांच्याकडे ओळखपत्र नाही किंवा ज्यांनी दुसऱ्या लिंगाचे कपडे घातलेत त्यांना गाडीत घालायचं. बाकीचे घरी. दुसऱ्या दिवशी बार पुन्हा सुरू. सगळं ठरल्याप्रमाणे.

हप्त्याखेरीज दुसरी कमाईही होती असं सांगतात. चांगल्या पगाराच्या गिऱ्हाइकांना ओळख उघड करण्याची धमकी देऊन पैसे उकळायचे. म्हणजे बघा, पोलिसांनी पकडलं तरी नाव जाहीर होण्याची भीती, आणि मालकापासूनही तीच भीती. त्या काळात तिथल्या पेपरांमध्ये अशा धाडीत पकडलेल्यांची नावं-पत्ते छापायची पद्धत होती. नोकरी जायची, घरमालक खोली रिकामी करायला सांगायचा. शिक्षा कोर्टाने द्यायच्या आधीच पेपरने दिलेली असायची.

२८ जून १९६९. शुक्रवारची रात्र उलटून शनिवार लागलेला. रात्री एक वाजून वीस मिनिटांनी धाड पडली. यावेळी खबर आली नव्हती. धाड घालणारं पथक स्थानिक चौकीचं नव्हतं, नैतिकता विभागाचं होतं. चौकीला ऐनवेळेपर्यंत सांगितलंच नव्हतं. नेतृत्व करत होते डेप्युटी इन्स्पेक्टर सेमोर पाईन. (नावावर जाऊ नका, हे पद आपल्या पीएसआयपेक्षा बरंच वरचं.) आत दोनशेच्या आसपास माणसं होती.

दिवे लागले. पण त्या रात्री बायकी वेशातल्या काहींनी तपासणीला नकार दिला. काहींनी ओळखपत्र दाखवायलाही नकार दिला. ज्यांना सोडलं ते घरी गेले नाहीत, दारासमोर उभे राहिले. समोर छोटीशी बाग आहे, तिथली पोरं येऊन मिळाली. बघता बघता रस्ता भरला. एका बाईला पोलीस ओढत गाडीकडे नेत होते, ती पुन्हा पुन्हा सुटत होती आणि जमलेल्यांकडे बघून ओरडत होती की तुम्ही नुसते बघताय काय. तिथे ठिणगी पडली.

गर्दीने पोलिसांवर आधी काय फेकलं माहितीये? चिल्लर. सुट्टी नाणी. "घ्या, हा तुमचा हप्ता!" बाटल्या आणि विटा नंतर आल्या. गल्लीतल्या पोरालाही पाकिटं कुठे जातात ते ठाऊक असतं, तसं तिथेही सगळ्यांना ठाऊक होतं.

पोलीस मागे सरत सरत बारमध्येच शिरले आणि आतून दार लावून घेतलं. ज्या बारवर धाड घातली त्याच बारमध्ये कोंडले गेले. लोकांनी रस्त्यावरचा पार्किंगचा मीटर उपटून दारावर धडका दिल्या. कोणी आग लावायचा प्रयत्न केला. शेवटी दंगल पथक आलं. त्या हेल्मेटवाल्या रांगेसमोर काही पोरांनी एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून पाय उडवत नाच केला, वर गाणंही म्हटलं. लाठ्या बसल्या. त्या रात्री तेरा जणांना अटक झाली. मधल्या शांत रात्री धरून पुढचे पाच-सहा दिवस हे चाललं. कोणी मेलं नाही.

आता काही दंतकथा बाजूला ठेवू, कारण व्हॉट्सअॅपवर त्या दरवर्षी फिरतात. पहिली वीट मार्शा पी. जॉन्सन यांनी फेकली असं सांगतात. मार्शा स्वतः मुलाखतीत म्हणाल्या होत्या की मी पोचले तेव्हा दंगल सुरू झालेली होती. ज्युडी गार्लंड या गायिकेच्या अंत्यविधीच्या दुःखातून लोक भडकले असंही सांगतात. अंत्यविधी आदल्याच दिवशी झाला हे खरं, पण त्यामुळे दंगल झाली याला आधार नाही. आणि ही पहिलीच वेळ होती असंही नाही. १९६६ साली सॅन फ्रान्सिस्कोत कॉम्प्टन्स कॅफेटेरियात तृतीयपंथीयांनी पोलिसांना उलट उत्तर दिलं होतं. १९६७ च्या सुरुवातीला लॉस एंजेलिसमध्ये ब्लॅक कॅट बारवरच्या धाडीविरुद्ध निदर्शनं झाली होती. मग स्टोनवॉलचंच नाव का राहिलं? कारण दुसऱ्या दिवसापासून लोकांनी ते धरून ठेवलं. महिन्याभरात गे लिबरेशन फ्रंट नावाची संघटना उभी राहिली. वर्षाने, २८ जून १९७० ला, त्याच ख्रिस्तोफर स्ट्रीटवरून सेंट्रल पार्कपर्यंत मोर्चा निघाला. हजारो लोक होते. तोंड झाकलेलं नव्हतं, दिवसाढवळ्या होता. जूनमधले झेंडे ते तिथून. टपरीवरच्या पोराच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच.

बार मात्र काही महिन्यांतच बंद पडला. त्या जागेत पुढे बेगल पावाचं दुकान झालं, चायनीज हॉटेल झालं, चपलांचं दुकान झालं. एवढा इतिहास घडला त्या दारातून लोक कितीतरी वर्षं जेवणाचं पार्सल घेऊन जात होते. १९९० च्या दशकात तिथे पुन्हा स्टोनवॉल नावाने बार उघडला, तो आजही चालू आहे. शहराचं म्हणाल, तर सत्तरच्या दशकात न्यूयॉर्कची रात्र पालटली. जे नाच फळ्या ठोकलेल्या खिडक्यांमागे होत होते ते मोठ्या डान्स क्लबांमध्ये आले. काळ्या, लॅटिनो आणि समलिंगी पोरांच्या नाचातून डिस्को वाढला, आणि तो डिस्को आपल्या लग्नाच्या वरातीपर्यंत पोचला. १९८१ पासून एड्सची साथ आली तेव्हा हेच बार वर्गणी गोळा करायच्या आणि गेलेल्यांची आठवण काढायच्या जागा झाल्या. २०१६ मध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामांनी स्टोनवॉल परिसराला राष्ट्रीय स्मारक जाहीर केलं. २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या पोलीस आयुक्तांनी १९६९ च्या कारवाईबद्दल जाहीर माफी मागितली. पन्नास वर्षं लागली. धाड घालणारे पाईन यांनीही म्हातारपणी माफी मागितली होती. ते २०१० मध्ये वारले.

आपल्याकडे या गोष्टीचा धागा आहेच. १९९९ साली कोलकात्यात पंधरा माणसं स्टोनवॉलच्या आठवणीत पिवळे टी-शर्ट घालून चालली, तो आपल्या देशातला असा पहिला मोर्चा मानला जातो. मुंबईत अशोक राव कवी यांनी १९९० मध्येच 'बॉम्बे दोस्त' मासिक काढलं होतं. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी समपथिक ट्रस्ट सुरू केला आणि या विषयावर मराठीत पुस्तकं लिहिली, हे फार मोठं काम आहे. कुलाब्यात 'व्हूडू' नावाचा पब होता. त्याच जागी सत्तरच्या दशकात 'स्लिप डिस्क' हा डिस्को होता, जिथे लेड झेपेलिनच्या दोघांनी येऊन वाजवल्याची गोष्ट जुने मुंबईकर अजून सांगतात. व्हूडूमध्ये शनिवारची रात्र समलिंगी लोकांची, हे शहरातल्या माहीतगारांना माहीत होतं. बाहेर पाटी नाही, जाहिरात नाही. तेव्हा कलम ३७७ अंगावर होतं. ते गेलं ६ सप्टेंबर २०१८ ला.

पण ही सगळी मुंबई-पुण्याची गोष्ट झाली. आपल्यासारख्या तालुक्याच्या गावात असा बार कुठला? इथे एस.टी. स्टँडमागचा लॉज असतो. आणि आता मी माझ्या बातमीवर येतो.

२००४ साल. पत्रकारितेचा डिप्लोमा करून नुकताच एका पेपरला तालुका बातमीदार म्हणून लागलो होतो. रोज संध्याकाळी पोलीस ठाण्यात जायचं, ठाणे अंमलदाराकडून दिवसभराचे गुन्हे उतरवून घ्यायचे. एका संध्याकाळी प्रेसनोट मिळाली. लॉजवर धाड, दोन पुरुष, मुंबई पोलीस कायदा कलम ११० प्रमाणे कारवाई. खाली दोघांची नावं, वय, व्यवसाय, राहणार.

त्यातले एक आमच्या पेठेतले शिंपी होते. (ओळख पटू नये म्हणून इथे काही तपशील मुद्दाम बदललेत.) डिप्लोमाच्या मुलाखतीला मी जो शर्ट घालून गेलो होतो तो त्यांनीच शिवलेला. "बाही जरा सैल ठेवतो, लिहिताना बरं पडेल," असं म्हणाले होते.

मी नाव छापलं. वय छापलं, पेठ छापली. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी अडवलंही नाही. तेव्हा पद्धतच तशी होती आणि मला पहिल्या पानावर नाव यायची घाई होती. मथळा मीच दिला, 'लॉजमध्ये विकृत प्रकार, दोघांवर कारवाई'. पहिल्या पानावर नाही, तिसऱ्या पानावर सिंगल कॉलम लागली. पण गावात तिसरं पानच आधी वाचतात.

दुकान दुसऱ्या दिवशी उघडलं नाही. आठवड्याने बहिणीची सोयरीक मोडल्याचं कानावर आलं. महिनाभरात शिलाई मशीन टेम्पोत चढताना मी लांबून पाहिलं. ते सुरतेकडे गेले असं कोणीतरी म्हणालं. नंतर त्यांची भेट झाली नाही.

पुष्कळ वर्षांनी स्टोनवॉलबद्दल वाचताना तो १९६६ चा मथळा समोर आला. 'विकृत'. मी कपाट उघडून माझं जुनं कात्रण काढलं. प्रेसनोटची झेरॉक्सही त्याला टाचलेली होती, तेव्हा जपून ठेवायची सवय होती. प्रेसनोट दोनदा वाचली. तिच्यात 'विकृत' शब्द नव्हता. पोलिसांनी तो लिहिलाच नव्हता. तो माझा होता.

आणखी एक गोष्ट तेव्हा सुचली नाही. कलम ११० हे सार्वजनिक जागी असभ्य वर्तन केल्याबद्दलचं आहे. आतून कडी लावलेली लॉजची खोली ही सार्वजनिक जागा कशी? हा प्रश्न ठाण्यात बसून विचारायला बातमीदार लागतो. मी तिथेच बसलो होतो, समोर चहाही होता, आणि मी फक्त नावांचं स्पेलिंग विचारलं.

हे फक्त समलिंगी लोकांपुरतं आहे असं समजू नका. ऑगस्ट २०१५ मध्ये मुंबईत मढ-अक्सा भागातल्या हॉटेलांत पोलिसांनी धाडी घातल्या आणि खोल्यांमधून सज्ञान मुलामुलींच्या जोडप्यांना बाहेर काढून याच ११० खाली कारवाई केली. तेव्हा देशभर गदारोळ झाला. 'बेशिस्त', 'असभ्य', 'नैतिकता' हे शब्द कायद्यात मोघम ठेवले की ते आज त्यांच्यावर आणि उद्या तुमच्या-माझ्या पोरांवर लागतात.

१९६९ च्या पेपरांनीही वेगळं काही केलं नव्हतं. टाइम्सने पहिल्या रात्रीची बातमी आतल्या पानावर छोटी दिली, मथळ्यात चार पोलीस जखमी. म्हणजे बातमी पोलिसांकडून आली आणि पोलिसांचीच झाली. डेली न्यूजने आठवड्याने टिंगलीचा मथळा दिला. व्हिलेज व्हॉइसचं ऑफिस तर बारपासून चार पावलांवर. त्यांचा एक बातमीदार पोलिसांबरोबर बारमध्ये कोंडला गेला, दुसरा बाहेर गर्दीत होता. अशी जागा मिळणं म्हणजे पत्रकाराचं नशीब! तरीही त्यांच्या बातमीत टवाळीचे शब्द आलेच. त्याच सप्टेंबरात याच साप्ताहिकाने छोट्या जाहिरातीत 'गे' शब्द छापायला नकार दिला, तेव्हा लोकांनी त्यांच्या दारात निदर्शनं केली आणि त्यांना धोरण बदलावं लागलं. पुरोगामी म्हणवणाऱ्या साप्ताहिकाची ही कथा, मग आमची काय सांगू.

आज परिस्थिती बदलली का? कायदा बदलला. पण आता सिंगल कॉलमऐवजी मोबाईल आहे. लॉजवर धाड पडली की पोलिसांच्या मागोमाग आमचे यूट्यूब चॅनेलवाले कॅमेरा घेऊन जिन्यावर चढतात. तोंडावर ओढणी धरलेली पोरगी, रुमाल धरलेला पोरगा, वर धडाकेबाज म्युझिक. मी छापलेला पेपर दुसऱ्या दिवशी रद्दीत गेला, भेळेच्या पुड्याला लागला. तरी एक माणूस गावातून गेला. हा व्हिडिओ तर रद्दीतही जात नाही.

म्हणून नव्या पोरांना, विशेषतः पोर्टल आणि चॅनेल चालवणाऱ्यांना हात जोडून तीन गोष्टी सांगतो. धाडीची प्रेसनोट आली तर आधी कलम वाचा आणि ते इथे लागतं का ते विचारा. दोन सज्ञान माणसं आपल्या मर्जीने खोलीत होती एवढीच 'बातमी' असेल तर ती बातमी नाही, सोडून द्या. आणि प्रेसनोटमध्ये नसलेला एकही शब्द पदरचा घालू नका. विचारलंत तर तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची.

पेपरमध्ये आम्ही 'चूक-दुरुस्ती' म्हणून एक चौकट देतो. माझी एकवीस-बावीस वर्षं द्यायची राहिली होती. ती इथे देतो.

'२००४ साली मी दिलेल्या लॉजच्या बातमीतला विकृत हा शब्द माझ्या मनाचा होता. त्याला कसलाही आधार नव्हता. नावं छापायची गरज नव्हती. त्या दोघांची आणि त्यांच्या घरच्यांची मी माफी मागतो.'

सुरतेत किंवा कुठेही असाल आणि हे वाचलंत, तर तुम्हाला कळेल की मी कोण. उत्तर दिलंच पाहिजे असं नाही.

बाकी मंडळींनी कमेंटमध्ये नावाचा अंदाज बांधत बसू नये. अशी कमेंट दिसली तर लगेच काढून टाकेन. इतिहासात काही चुकलं असेल तर मात्र जरूर सांगा, दुरुस्त करतो.